इगर्जी बघायला गेलो, बांध बघून आलो



गळीत हंगाम संपतो, शेवटची टोळी आपल्या गावाला परतते, खोडव्यातले पाचट सरीत दाबून होते आणि मग आपल्या ऊस उत्पादकाला वर्षातले आठ-दहा दिवस जरा मोकळे सापडतात. ते दिवस लग्नाकार्यात आणि पै-पाहुण्यांत कधी निघून जातात ते कळत नाही. यंदा मात्र आम्ही घरची मंडळी ठरवून चार दिवस बाहेर पडलो. पाण्याची पाळी चुलतभावावर सोपवली, जनावरांना माणूस बघितला, पाहुण्यांची मोठी गाडी मागून घेतली आणि गोव्याला गेलो. त्या सहलीची हकीकत आपल्या अंकात द्यावी असे वाटले, त्याला कारणही आहे.

गोवा आम्हाला नवा नव्हे. पण आपण जातो ते मंगेशी, शांतादुर्गा करतो, मिरामारला समुद्रात पाय बुडवतो आणि परत येतो. या वेळी धाकटी म्हणाली, "देवळं तीनदा झाली पप्पा, आता चर्च दाखवा." आमची आई माळकरी. तिला विचारले, तर म्हणाली, "देवाचंच घर हाय न्हवं? मग मला कशाला इचारता?" आबांनी काहीच हरकत घेतली नाही. झाले, ठरले.

निघायच्या आदल्या दिवशी घरी एक कागद आला होता. तो मी तसाच गाडीच्या कप्प्यात टाकला. आमच्या ओढ्याकडची बरीच जमीन क्षारपड झाली आहे. पाणी जास्त, निचरा कमी, वरून खताचा मारा; ही गोष्ट नदीकाठच्या सभासदांना नव्याने सांगायला नको. तिथल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन निचरा योजना करायचे ठरवले आहे. जमिनीखाली साडेतीन-चार फुटांवर सच्छिद्र पाइप घालायचे, ते एका मुख्य पाइपाला जोडायचे आणि खारे पाणी ओढ्यात सोडायचे. अडचण एवढीच, की मुख्य पाइप माझ्या रानातून जातो. माझे रान वरच्या अंगाला, अजून चांगले पिकते. उभ्या उसातून चर कशाला खोदू द्यायचा, म्हणून दोन वर्षे मी संमतीपत्रावर सही केली नव्हती. तोच हा कागद.

घाट उतरताना

पहाटे निघालो. बेळगावला चहा-नाश्ता आणि कुंदा झाला. खानापूर, रामनगर करून अनमोड घाट उतरलो. मोलेचे जंगल मागे पडले, की थोड्या वेळाने धारबांदोडा लागते. इथे संजीवनी सहकारी साखर कारखाना आहे. गोव्यातला हा एकुलता एक साखर कारखाना. १९७० च्या दशकात सुरू झाला आणि २०१९-२० पासून त्याचे गाळप थांबले.

आबा म्हणाले, "गाडी बाजूला घे." ते खाली उतरले आणि दोन मिनिटे नुसते बघत उभे राहिले. आपल्या कारखान्याचा पहिला हंगाम त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. ज्या गावात मळीचा वास यायला हवा, तिथे नुसता रानाचा वास येत होता. आबा परत गाडीत बसले आणि एवढेच म्हणाले, "चल."

फोंड्याजवळ मंगेशीला नमस्कार केला. तिथे धाकटीने विचारले, की एवढी मोठी देवळे एकाच भागात कशी? हे सांगितलेच पाहिजे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या तिसवाडी, बार्देश, साष्टी या भागांतली देवळे पाडली गेली. लोकांनी रातोरात मूर्ती उचलल्या आणि तेव्हा त्यांच्या अमलाबाहेर असलेल्या मुलखात आणल्या. मंगेशी मूळची कुठ्ठाळीची, शांतादुर्गा केळोशीची. पुढे १५६० ते १८१२ इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा जाचही झाला, मध्ये थोडी वर्षे काय ती सूट मिळाली. ज्या इगर्जी आपण बघायला जातो त्यांच्या मागे हाही इतिहास आहे. तो विसरून जाऊ नये आणि त्यापायी आजच्या माणसाशी वैरही धरू नये, असे आमच्या आईचे मत पडले. आम्हाला ते पटले.

जुने गोवे

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जुन्या गोव्यात पोचलो. एके काळी ही पोर्तुगिजांची पूर्वेकडची राजधानी. रोगराईने माणसे मेली, शहर ओस पडले, राजधानी पणजीला गेली आणि मागे चर्च तेवढी राहिली. १९८६ साली युनेस्कोने ती जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

बॉम जेझसचे काम १५९४ ला सुरू झाले आणि १६०५ ला पुरे झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव इथेच आहे. ते १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले आणि १५५४ ला त्यांचे शव गोव्यात आणले गेले. चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली आहे, खालचे संगमरवरी काम मात्र इटलीतल्या तोस्कानाच्या राजाने पाठवले. दर दहा वर्षांनी शव लोकांच्या दर्शनाला खाली आणतात. मागचे दर्शन २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू होऊन २०२५ च्या जानेवारीत संपले.

आईने चपला दाराबाहेर काढल्या. तिथे तशी रीत नाही, लोक पायताण घालून आत जातात. मी सांगितले, तर म्हणाली, "त्यांची रीत त्यांच्यापाशी." आत जाऊन पदर डोक्यावर घेतला आणि कोपऱ्यातल्या बाकावर बराच वेळ बसली.

आबांचे लक्ष भिंतींकडे होते. बाकी सगळी चर्च पांढरीशुभ्र, हे एकच तांबडे कसे? त्याचे कारण असे, की १९५० च्या दशकात याचा बाहेरचा गिलावा काढून टाकला. आतला जांभा दगड उघडा पडला. जांभा उन्हा-पावसात झिजतो, म्हणून तर त्याला चुन्याचे कवच असायचे. दिसायला देखणे झाले, पण दर पावसाळ्यात दगडाला त्रास. समोरचे से कॅथेड्रल त्याहून मोठे, आशियातल्या मोठ्या चर्चपैकी एक. १५६२ ला काम सुरू झाले. दोन मनोरे होते, त्यातला एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा उभा राहिला नाही. जरा टेकडीवर संत ऑगस्टिनचे पडके चर्च आहे. १८३५ मध्ये तिथल्या साधूंना घालवून दिले. बघणारे कोणी राहिले नाही. १८४२ मध्ये छत आले खाली आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा मोठा भाग पडला. आज अर्धा मनोरा तेवढा आभाळात उभा आहे.

"राखणारा गेला की दगुड बी टिकत न्हाई," आबा म्हणाले.

दिवाडीचा बांध

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत गाडी घातली आणि मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर गेलो. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान या बेटावर होते. ते देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला नेला. तिथले देऊळ छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधून घेतले. दिवाडीच्या टेकडीवर आता पियेदाद मातेचे चर्च आहे. तिथून खाली नदी, खारफुटी आणि सपाट शेते दिसतात. ही शेते बघून आबा म्हणाले, "ही जमीन नदीच्या पाण्यापेक्षा खाली दिसती. पिकती कशी?"

खाली उतरलो. बांधावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. अंगात बनियन, हातात कोयता. त्यांनी उन्हात उभे राहून आम्हाला सगळे समजावून सांगितले. कोकणी आणि आपली मराठी, फारशी अडचण आली नाही.

अशा जमिनीला खाजन म्हणतात. भरतीचे खारे पाणी जिथे चढायचे, तिथे जुन्या लोकांनी चिखल, पेंढा आणि दगड यांचे बांध घालून शेते काढली. बांधात मधे मधे लाकडी दारे असतात, त्याला 'मानस' म्हणतात. याची करामत अशी, की भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद होते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याने आपोआप उघडते. पावसाचे जादा पाणी बाहेर जाते, खारे पाणी आत येत नाही. इंजिन नाही, वीज नाही. कोरगुट नावाचे भात थोडा खारेपणा सोसते, ते पावसाळ्यात पिकवतात. दारापाशी सापडणाऱ्या मासळीचा लिलाव होतो, तो पैसा वेगळा.

आता सभासदांनी नीट ऐकावे असा मुद्दा. हे बांध सांभाळायचे कोणी? तर गावकरीने. पोर्तुगीज यायच्या आधीपासून गोव्यात ही संस्था होती. गावची जमीन गावकारांच्या सामाईक मालकीची. ठरावीक मुदतीने तिचा लिलाव करून ती कसायला द्यायची. येणाऱ्या पैशातून आधी बांध, रस्ते आणि देवळाचा खर्च भागवायचा. जे उरेल ते गावकारांत वाटायचे. त्या वाट्याला 'झोण' म्हणत. १५२६ साली पोर्तुगिजांनी या रीती कागदावर लिहून घेतल्या. पुढे देवळे गेली, इगर्जी आल्या, पण खर्च करणारी संस्था तीच राहिली. म्हणजे गावोगावच्या ज्या पांढऱ्या इगर्जी आपण गाडीतून बघतो, त्यांत खालच्या भाताचा पैसा आहे. आपल्याकडे सहकार १९०४ च्या कायद्याने आला असे आपण शिकतो. इथे सामाईक जमीन आणि नफ्याची वाटणी त्याच्या कितीतरी आधी चालू होती.

पण सगळेच गोड होते असे मात्र नाही. वाटा फक्त गावकार घराण्यातल्या पुरुषांना. बायकांना नाही, प्रत्यक्ष चिखलात राबणाऱ्या कुळाला नाही. १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि १९६४ मध्ये कूळकायदा आला, त्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला. हे न्यायाचेच झाले. जुनी व्यवस्था मात्र ढिली पडली. बांधाचे काम कुळांच्या समित्यांकडे आले. जिथे माणसे एकत्र आली तिथे बांध राहिले. जिथे कोणी बोटीवर नोकरीला गेला, कोणी परदेशी गेला आणि कोणी 'माझे शेत तर वर आहे' म्हणून बसला, तिथे बांध फुटले.

म्हातारबाबांनी आम्हाला असे एक शेत दाखवले. पाणी भरलेले, मधे खारफुटीची झाडे उगवलेली. पूर्वी तिथे भात व्हायचे. सुरुवात कशी झाली? तर खेकड्याच्या भोकाने. कुर्ली बांधात बोटाएवढे भोक पाडते, ते त्या दिवशी चिखलाने बुजवले नाही तर भरतीचे पाणी त्याचे भगदाड करते. एकदा खारे पाणी आत बसले, की ते धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात.

आबांनी विचारले, "भोक कुणाच्या रानासमोर पडलं हुतं?"

ते गृहस्थ हसले. म्हणाले, "बांद एकल्याचो न्हय, सगळ्यांचो."

आबांनी माझ्याकडे बघितले नाही. बघायची गरजही नव्हती. गाडीच्या कप्प्यातला कागद मला तिथे आठवला, तो पुढे दोन दिवस डोक्यातून गेला नाही.

जाता जाता एक गंमत. या दिवाडीत ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेराचा उत्सव होतो. वाड्यावाड्यांत हद्दीची भांडणे व्हायची, म्हणून पोर्तुगिजांनी हद्दीवर निशाणे लावली, लोक ती दगड मारून पाडायचे. आता त्याचीच मिरवणूक निघते. बांधाच्या भांडणाचा सण करावा, हे आपल्याकडे अजून कोणाला सुचलेले नाही!

पोटोबा

खाण्याबद्दल लिहिले नाही तर घरातले मला अंक वाचू देणार नाहीत. सकाळी सायकलवर पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत येतो. उंडे, पोळी आणि बांगडीच्या आकाराचे कडक काकण. चहात बुडवून आबांनी चार खाल्ले. दुपारी आम्ही शितकढी, सुंगटांचे हुमण आणि तळलेला बांगडा यांवर ताव मारला. आईची काळजी होती, पण गोव्यात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. एका खानावळीत खतखते मिळाले. बऱ्याच भाज्या एकत्र, नारळ आणि तिरफळाचा वास. सोबत अळसांद्याचे तोणाक आणि सोलकढी. आईने दुसऱ्यांदा वाढून घेतले.

मडगावच्या बाजारात माडाचा गूळ बघितला. काळाभोर, निमुळत्या ढेपा. माडाची ताजी सूर आटवून तो करतात. आमचे जुने गुऱ्हाळ होते, त्यामुळे आबांचा हात आपोआप तिकडे गेला. तुकडा मोडला, बोटाने चुरला, जिभेवर ठेवला. म्हणाले, "धूर हाय ह्यात. पण खोटं न्हाई काय." अशी पावती त्यांनी आजवर फार थोड्या गुळाला दिली आहे. याच गुळाचे, तांदळाच्या पिठाचे आणि नारळाच्या दुधाचे दोदोल होते, ते आईलाही चालले. बेबिंका मात्र अंड्याची. एकेक थर भाजून त्यावर पुढचा थर घालायचा, असे सात थर. सौ. म्हणाल्या, "आपल्या घरात एवढा धीर कोणाला आहे?"

रायतूर, कुडतरी आणि कोलव्याची रापण

तिसऱ्या दिवशी मडगावकडून रायतूरला गेलो. पोर्तुगीज याला राशोल म्हणतात. जुन्या किल्ल्याची वेस आणि पाद्र्यांचे मोठे विद्यालय आहे. इथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. मनुष्य इंग्लंडचा, १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहिली. हे सांगितल्यावर आई थबकली. "ओवीत?" तिने दोनदा विचारले. इंग्रज माणसाला देवाबद्दल सांगायचे तर आपल्या ज्ञानोबांच्या छंदाचा आधार घ्यावासा वाटला, याचा तिला दिवसभर आनंद होता.

जवळच कुडतरी. याला साष्टीचे भाताचे कोठार म्हणतात. तळ्याच्या काठावर संत आलेक्सचे पांढरे चर्च, समोर पाणी आणि पुढे शेते. इगर्ज, तळे आणि शिवार एका नजरेत येतात. दिवाडीला ऐकलेले इथे डोळ्यांनी दिसले.

संध्याकाळी कोलव्याच्या वाळूत मुले खेळली. तिथे रापण ओढणारी माणसे दिसली. लांबच लांब जाळे होडीने समुद्रात फिरवून आणायचे आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांना माणसांनी ओढायचे. जो दोराला हात लावतो त्याला मासळीत वाटा. यांत्रिक बोटी आल्या तेव्हा या रापणकारांनी १९७० च्या दशकात मोठा लढा दिला, त्यानंतर १९८० मध्ये मासेमारीचा कायदा झाला. आमचा मुलगा हौसेने दोराला लागला. अर्ध्या तासात तळहाताला फोड. त्यालाही दोन बांगडे मिळाले. ते हातात धरून तो असा चालत आला, की जणू पहिला पगार.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना

जाताना अनमोड घाटाने आणि येताना सावंतवाडी, आंबोली, आजरा असे आल्यास दोन्ही वाटा बघून होतात. घाट दिवसाच करावेत. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर फिरू नये, आवाज करू नये, अंगभर कपडे असावेत. जुने गोवे सकाळी लवकर गाठावे, उन्हाचा ताप वाचतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तांबडे निशाण असेल तिथे पाण्यात मुळीच उतरू नये. आणि एखाद्या बांधावर जरूर जावे. तिथे तिकीट नाही.

परतल्यावर

चौथ्या दिवशी रात्री घरी पोचलो. सामान उतरवताना आबांनीच कप्प्यातला कागद काढून माझ्या हातात दिला. बोलले काही नाहीत. सकाळी मी ओढ्यापर्यंत चालत गेलो. खालच्या रानात पांढरे फुटले होते, वाफसा येत नव्हता, ऊस गुडघ्यापर्यंत येऊन खुरटला होता. ते रान ज्याचे, तो माझा शाळासोबती. त्याच्या आणि माझ्या बांधात तीन हातांचे अंतर. दोन वर्षांपूर्वी पांढऱ्याचा पट्टा त्याच्या रानाच्या खालच्या टोकाला होता. आता तो वर सरकत माझ्या बांधाला लागला आहे. हे मी रोज बघत होतो, पण बघूनही दिसत नव्हते.

सही केली. उशीर केल्याबद्दल त्याची माफीही मागितली. तो म्हणाला, "चहा घे, मग बोलू." अजून सहा खातेदारांच्या सह्या बाकी आहेत. त्यांत वरच्या अंगाचे तिघे आहेत, कालपर्यंत मी जे बोलत होतो तेच ते आज बोलतात. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. म्हणूनच हे सगळे इथे लिहिले.

आपल्याही भागात अशी योजना अडली असेल, तर ती कोणाच्या सहीसाठी अडली आहे हे एकदा बघावे. ती सही आपलीच निघाली, तर पुढच्या लागणीपर्यंत थांबू नये.

असो. सहल आनंदात झाली. पुढच्या वर्षी आई म्हणते, वसईच्या चर्च बघू. बघू या, हंगाम वेळेवर संपला तर.

— एक उत्पादक सभासद